दोन यंत्रांच्या मधली जागा

साखर कारखान्याचा बॉयलर पेटवण्याचा मुहूर्त साधारण दसऱ्याच्या आसपास ठरतो. संचालक मंडळ नारळ घेऊन येतं, पूजा होते, फोटो निघतात. त्याच वेळी मागच्या कंट्रोल रूममध्ये दोन-तीन पोरं लॅपटॉप उघडून घामाघूम बसलेली असतात. बॉयलर एका कंपनीचा, त्याचा पीएलसी (प्रोग्राम करता येणारा नियंत्रक) बॉयलरबरोबरच आलेला. टर्बाइन दुसऱ्या कंपनीचं, त्याचा गव्हर्नर वेगळा. मिलच्या मोटरींचे ड्राइव्ह तिसऱ्याचे. सेंट्रिफ्युगलच्या प्रत्येक मशिनला आपापला छोटा पीएलसी. उसाचा वजनकाटा चौथ्याच्या सॉफ्टवेअरवर. महावितरणला वीज विकायची, तर त्याचे मीटर आणखी निराळे. यातलं प्रत्येक यंत्र आपापल्या जागी उत्तम चालतं. पण ते सगळं एका पडद्यावर यावं, एकाने दुसऱ्याचं ऐकावं आणि गव्हाणीत मोळी पडली की गळीत हंगाम संपेपर्यंत रात्रंदिवस चालत राहावं, ही अपेक्षा कुठल्याच एका पुरवठादाराच्या ऑर्डरमध्ये लिहिलेली नसते. ती त्या पोरांच्या गळ्यात पडलेली असते.

या कामाला उद्योगात सिस्टिम इंटिग्रेशन म्हणतात. ऑटोमेशनच्या जाहिरातीत रोबोचा हात दिसतो, चकचकीत कंट्रोल रूम दिसते. हे काम दिसत नाही. ते पुरतं शिकवणारी एक अशी पदवीही नाही. इलेक्ट्रिकलवाल्याला मोटर आणि स्टार्टर कळतो, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला ट्रान्समीटर आणि व्हॉल्व्ह, कॉम्प्युटरवाल्याला नेटवर्क आणि साखरेच्या केमिस्टला रस. प्रत्येकाचा अभ्यासक्रम आपापल्या बांधापर्यंत येऊन थांबतो. भांडणं मात्र बांधावरच होतात, हे उसाच्या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

एकच सिग्नल धरून त्याच्या मागे चालत गेलं की हा विषय लवकर उलगडतो. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपाच्या पाइपवर दाब मोजणारा ट्रान्समीटर बसवलेला आहे. तो दाबाचं रूपांतर विजेच्या प्रवाहात करतो: दाब शून्य असेल तर ४ मिलिअँपिअर, पूर्ण रेंजइतका असेल तर २० मिलिअँपिअर. सुरुवात शून्यापासून न करता चारपासून का, तर वायर तुटली की प्रवाह शून्य होतो. मग ‘दाब नाही’ आणि ‘वायर नाही’ यांत गोंधळ होत नाही. शिवाय त्या चार मिलिअँपिअरवरच दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतः जगतो. हा प्रवाह केबलमधून जंक्शन बॉक्समध्ये, तिथून पॅनेलच्या टर्मिनलवर, तिथून पीएलसीच्या अ‍ॅनालॉग कार्डावर जातो. कार्ड त्याचा आकडा करतं. सीमेन्सच्या कार्डावर ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे ० ते २७६४८. म्हणजे १२ मिलिअँपिअरला १३८२४. प्रोग्राममधली एक ओळ त्या आकड्याचा पुन्हा दाब करते आणि तो पडद्यावर उमटतो.

आता समजा, ऑफ-सीझनमध्ये जुना ट्रान्समीटर खराब झाला आणि स्टोअरमध्ये होता तो नवा बसवला. जुन्याची रेंज ० ते १०० किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) होती, नव्याची ० ते १६०. पाइपमधला खरा दाब ८० किलो. नवा ट्रान्समीटर अगदी बरोबर १२ मिलिअँपिअर पाठवतो, केबल ते बरोबर नेते, कार्ड बरोबर १३८२४ वाचतं आणि प्रोग्राम जुन्या रेंजनुसार गणित बरोबर करून पडद्यावर ५० दाखवतो. ऑपरेटर दाब कमी पडला म्हणून दुसरा पंप चालू करतो. कुणीही चुकलेलं नाही, आणि तरी उत्तर चुकलं. ट्रान्समीटरवाल्याला बोलावलं तर तो आपलं उपकरण तपासून ‘ओके’ म्हणून जाईल; पीएलसीवाला आपला प्रोग्राम दाखवून हात झटकेल.

म्हणून या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा विधी म्हणजे लूप चेकिंग. एक जण हातात कॅलिब्रेटर घेऊन बॉयलरच्या प्लॅटफॉर्मवर, दुसरा पडद्यासमोर, दोघांकडे वॉकीटॉकी.

“पीटी दोनशे एक. बारा दिलंय, बघ.”

“पन्नास टक्के. रेंज काय लिहिलीय तिथं प्लेटवर?”

“शून्य ते एकशे साठ.”

“थांब. इथं शंभर आहे.”

एवढ्या चार वाक्यांत जे सापडतं ते हंगामात सापडायला आठवडा लागू शकतो. मोठ्या प्रकल्पात असे शेकडो लूप असतात आणि शेवटच्या दिवसांत ‘राहिलेले नंतर बघू’ म्हणण्याचा मोह प्रत्येक साइटवर होतो. ज्याला हे काम शिकायचंय त्याने प्रोग्रामिंगच्या खुर्चीच्या आधी प्लॅटफॉर्मवरचा कॅलिब्रेटर मागून घ्यावा, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

पीएलसी हे यंत्र मुळात आलं तेच वायरिंगच्या त्रासातून. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंनी भरलेल्या पॅनेलना पर्याय मागितला. गाडीचं मॉडेल बदललं की ती पॅनेल उपसून नव्याने वायरिंग करावं लागे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्सच्या डिक मॉर्ली यांनी अशा नियंत्रकाची कल्पना कागदावर मांडली. त्यातून जे यंत्र तयार झालं तो त्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून त्याचं नाव मॉडिकॉन ०८४. त्याचा प्रोग्राम लिहायची पद्धत मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली गेली, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा. हीच ती लॅडर पद्धत, आजही जगभर चालणारी.

तिचा एक परिणाम भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये रोज दिसतो. कॉन्टॅक्टरची ड्रॉइंग वाचून हात बसलेला आयटीआयचा वायरमन लॅडर पटकन उचलतो, आणि सी किंवा पायथनमध्ये तरबेज असलेला पदवीधर सुरुवातीला अडखळतो. कारण पीएलसी आपला प्रोग्राम एकदा चालवून थांबत नाही. सगळे इनपुट वाचायचे, प्रोग्राम वरून खालपर्यंत चालवायचा, सगळे आउटपुट लिहायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र काही मिलिसेकंदांत एकदा, अखंड. एकाच मोटरचा आउटपुट प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी लिहिला तर खालचा जिंकतो. वरच्या ओळीत सगळ्या अटी पूर्ण झालेल्या दिसतात, ओळ हिरवी उजळते आणि मोटर हलत नाही. नवशिक्याचा असा अख्खा दिवस जातो. १९९३ मध्ये आयईसी ११३१-३ या मानकाने (आता ६११३१-३) लॅडरबरोबर फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वगैरे पद्धती एका छत्राखाली आणल्या, त्यामुळे एका कंपनीचं शिकलेलं दुसरीकडे बरंचसं कामी येतं. पूर्ण नाही. प्रोग्राम उचलून एका कंपनीच्या पीएलसीतून दुसऱ्याच्या पीएलसीत टाकणं आजही सरळ काम नाही.

यंत्रं एकमेकांशी बोलू लागली तेव्हा अडचणींचं स्वरूप बदललं. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये मॉडबस हा प्रोटोकॉल आणला. तो इतका साधा आणि खुला की आजही एनर्जी मीटर, ड्राइव्ह, तापमानाचे कंट्रोलर सगळे तो बोलतात. साधेपणाची किंमत अशी की आकड्याचा अर्थ काय, हे मॉडबस सांगत नाही. मॅन्युअलमध्ये रजिस्टर ४०००१ लिहिलेलं असतं, पण तारेवरून जो पत्ता जातो तो शून्य असतो. ही एकची गफलत झाली की शेजारच्या रजिस्टरातला भलताच आकडा पडद्यावर येतो. त्याहून चकवणारी गोष्ट दशांश आकड्यांची. मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटांचं. दशांश आकड्याला अशी दोन लागतात. त्यातलं आधी कुठलं पाठवायचं यावर उत्पादकांचं एकमत नाही. ५० हर्ट्झ हा आकडा षोडशमान पद्धतीत ४२४८ आणि ०००० असा दोन तुकड्यांत जातो. वाचणाऱ्याने तुकडे उलटे जोडले तर जो आकडा तयार होतो तो इतका सूक्ष्म असतो की पडद्यावर शून्य दिसतं. मीटरच्या डिस्प्लेवर पन्नास, स्काडावर (कंट्रोल रूमच्या पडद्यावर) शून्य, आणि तीन माणसं केबल तपासतायत.

केबल तपासणं अगदीच वाया जात नाही म्हणा. मॉडबस बऱ्याचदा ज्या तारांवरून जातो त्या आरएस-४८५ लाइनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. तो नसला तर पाच एनर्जी मीटर जोडेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि लाइन लांबली की त्रुटी सुरू होतात. काही उत्पादक ज्या टर्मिनलला ‘ए’ म्हणतात त्याला दुसरे ‘बी’ म्हणतात. ड्राइव्हची पॉवर केबल आणि सिग्नलची केबल एकाच ट्रेमधून नेली की आकडे नाचायला लागतात, आणि शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली तर आणखी नाचतात. सॉफ्टवेअर शिकून आलेल्या माणसाला हे सगळं फिटरकडून शिकावं लागतं, आणि जो शिकतो त्याचं पुढे निभावतं.

आता खरा गाभा: नियंत्रण. चूक जितकी त्या प्रमाणात, साचत गेलेल्या चुकांच्या बेरजेनुसार आणि चूक किती वेगाने बदलते त्यानुसार दुरुस्ती करायची, या पीआयडी पद्धतीचं गणित निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूच्या निमित्ताने मांडलं. तिचे आकडे कसे बसवावेत याची झीगलर आणि निकोल्स यांची रीत १९४२ ची. दोन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकात असतात. पुस्तकात जी टाकी असते ती मात्र समजूतदार असते: पाणी जास्त सोडलं की पातळी वाढते. बॉयलरचा ड्रम तसा वागत नाही.

मिल अचानक जड झाली, टर्बाइनने जास्त वाफ ओढली. ड्रममधला दाब उतरतो. दाब उतरल्याने पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात, आणि ड्रममधलं पाणी कमी होत असतानाच पातळी वर चढलेली दिसते. फक्त पातळी बघून चालणारा कंट्रोलर म्हणतो, पाणी जास्त झालं, आणि पुरवठा कमी करतो. नेमकं जेव्हा वाढवायला हवा तेव्हा. थोड्या वेळाने बुडबुडे बसतात आणि पातळी धाडकन खाली येते. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे तीन घटकांचं नियंत्रण: पातळीबरोबर बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी हेही मोजायचं, जितकी वाफ गेली तितकं पाणी द्यायचं, आणि पातळीने फक्त उरलेसुरले फरक सावरायचे. जुन्या कारखान्यांतले २१ किंवा ३२ किलो दाबाचे बॉयलर बरेच सहनशील होते. जुना फायरमन काचेच्या नळीकडे बघत हाताने पाणी सांभाळायचा. सहवीजनिर्मितीसाठी आलेल्या ६७, ८७, ११० किलोच्या बॉयलरना ती सवड नाही. पाणी बंद झालं तर ड्रम काही मिनिटांत धोक्याच्या रेषेखाली जातो.

या एका उदाहरणात इंटिग्रेशनचं सगळं ओझं दिसतं. वाफेचा फ्लो मीटर एका पुरवठादाराचा, पाण्याचा दुसऱ्याचा, कंट्रोल व्हॉल्व्ह तिसऱ्याचा, लॉजिक चौथ्याचं. वाफ टनांत मोजली जातेय आणि पाणी घनमीटरमध्ये, हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. लूप ‘मॅन्युअल’वरून ‘ऑटो’वर टाकताना व्हॉल्व्हला झटका बसू नये याची तरतूद प्रोग्राममध्ये करावी लागते, नाहीतर दोनदा बॉयलर ट्रिप झाल्यावर (आपोआप बंद पडल्यावर) ऑपरेटर तो लूप कायमचा मॅन्युअलवर ठेवतो आणि लाखोंचं ऑटोमेशन पडद्यावर शोभेला उरतं. असे मॅन्युअलवर ठेवलेले लूप मोजणं, ही कुठल्याही प्रकल्पाची तब्येत बघण्याची चांगली रीत आहे. तिथला ऑपरेटर आळशी आहे म्हणून ते बहुधा झालेलं नसतं. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, ते त्याला विचारावं लागतं.

पडदा खोटं बोलू शकतो हे मानण्याची तयारी नसली की काय होतं, याची नोंद अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या एका चौकशी अहवालात आहे. २३ मार्च २००५ रोजी टेक्सस सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. १७० फूट उंच मनोऱ्यात द्रव भरत होता आणि बाहेर काही निघत नव्हतं. पातळीचा ट्रान्समीटर फक्त तळातले काही फूट मोजणारा, आणि त्याचं कॅलिब्रेशन जुन्या माहितीवर बेतलेलं. प्रत्यक्ष द्रव १५८ फुटांवर पोचला होता तेव्हा पडद्यावर आठ फुटांच्या आसपासचा आकडा होता, तोही हळूहळू उतरणारा. वरच्या पातळीचा दुसरा अलार्म वाजलाच नाही. आणि इंटिग्रेशन शिकणाऱ्याने अधोरेखित करावी अशी बारीक गोष्ट: मनोऱ्यात किती जातंय आणि मनोऱ्यातून किती निघतंय हे दोन आकडे वेगवेगळ्या पडद्यांवर होते. शेजारी शेजारी असते तर एखाद्या नवख्यालाही वजाबाकी सुचली असती. ती मांडणी कुणीतरी, कधीतरी, काहीच वाईट हेतू नसताना केलेली होती.

त्याच्या आधी, जुलै १९९४ मध्ये, वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत एक व्हॉल्व्ह बंद होता आणि नियंत्रण प्रणाली तो उघडा दाखवत होती. स्फोटाच्या आधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. व्हॉल्व्हला ‘उघड’ म्हणून आज्ञा देणं आणि तो उघडला हे लिमिट स्विचकडून कळणं, या दोन वेगळ्या तारा आहेत, वेगळे इनपुट-आउटपुट आहेत. खर्च वाचवण्यासाठी दुसरी तार गाळली की पडदा आज्ञेलाच वस्तुस्थिती म्हणून दाखवतो. अलार्मचंही तसंच: प्रत्येक मोजमापाला चार-चार अलार्म लावणं प्रोग्रामरला एका क्लिकचं काम असतं, ते विझवणं ऑपरेटरला रात्रभराचं.

सुरक्षेचा दुसरा अर्थ २०१० मध्ये सगळ्यांना कळला. स्टक्सनेट या घातकी प्रोग्रामने इराणच्या नतान्झमधल्या सेंट्रिफ्यूजना चालवणाऱ्या सीमेन्सच्या पीएलसीला लक्ष्य केलं, आणि ऑपरेटरला मात्र सगळं सुरळीत असल्याचे आकडे दाखवले. साखर कारखान्यावर कुणी असला हल्ला करणार नाही, हे खरं. पण सर्व्हिस इंजिनिअरच्या पेन ड्राइव्हमधून येणारा साधा व्हायरस आणि पीएलसीला दुरून बघता यावं म्हणून थेट इंटरनेटला जोडून ठेवलेला मोडेम, या दोन गोष्टी कुठल्याही एमआयडीसीत सापडतील.

मग हे शिकायचं कुठे? पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात पीएलसी-स्काडाचे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या किटवर चार पुश बटणं, चार दिवे. ट्रॅफिक सिग्नलचा प्रोग्राम, लिफ्टचा प्रोग्राम, बाटल्या भरण्याचा प्रोग्राम. वाईट काही नाही. पण त्या किटवरची प्रत्येक वायर बरोबर जोडलेली असते, आणि साइटवर हीच एक सोय नसते. चांगल्या शिक्षकाने मुलं चहाला गेली की किट बिघडवून ठेवावं: एक वायर सैल, एक रेंज चुकीची, दोन उपकरणांना एकच मॉडबस पत्ता. घरी करायचं तर कोडेसिसमध्ये प्रोग्राम लिहून संगणकावरच चालवून बघता येतो, ओपनपीएलसी रास्पबेरी पायवर चालतो, आणि एक साधा मॉडबस एनर्जी मीटर नि यूएसबी कन्व्हर्टर घेतला की वर सांगितलेले बहुतेक घोळ टेबलावर घालता येतात.

कागद वाचणं हा अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग, आणि तो कुणी आवडीने करत नाही. इनपुट-आउटपुटची यादी, लूप ड्रॉइंग, कुठल्या कारणाने काय ट्रिप व्हावं याचा तक्ता, आणि प्रक्रिया कशी चालावी याचं साध्या वाक्यांतलं वर्णन. हे वर्णन लिहायला बसलं की प्रश्न निघतात: वीज गेली आणि परत आली तर व्हॉल्व्ह कुठे असावा? चुना घालणारा पंप बंद पडला तर रसाचा प्रवाह थांबवायचा की तसाच जाऊ द्यायचा? पीएचच्या इलेक्ट्रोडवर थर चढतो आणि आकडा सुस्तावतो, तेव्हा ऑपरेटरने कागदाच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा की पडद्यावर? यांची उत्तरं प्रोग्रामरकडे नसतात. केमिस्ट, बॉयलर अटेंडंट, पॅनमन यांच्याकडे असतात, आणि ते इंटिग्रेटरकडे चालत येत नाहीत. पॅनेल वर्कशॉपमध्येच असताना घेतली जाणारी फॅक्टरी चाचणी या माणसांसमोर झाली, इनपुटच्या जागी टॉगल स्विच लावून एकेक ट्रिप त्यांना दाखवली, तर निम्मे वाद साइटवर जाण्याआधीच मिटतात.

शेवटची गोष्ट बहुतेक अभ्यासक्रमांत नसतेच. चाचणी झाली, साखरेचं पहिलं पोतं निघालं, इंटिग्रेटर निघून गेला. काही वर्षांनी पीएलसीचं एक कार्ड जळतं. तेव्हा कळतं की प्रोग्रामला पासवर्ड आहे आणि तो कुणालाच माहीत नाही. बॅकअप ज्याच्या लॅपटॉपवर होता तो माणूस नोकरी सोडून गेलाय. ड्रॉइंगमध्ये जे टर्मिनल दाखवलंय त्यावर तिसरीच वायर आहे, कारण साइटवर केलेले बदल कागदावर चढलेच नाहीत. हंगाम चालू असतो, ऊस गव्हाणीसमोर ट्रॅक्टर-ट्रॉलीत वाळत असतो. पासवर्डसकट प्रोग्रामची प्रत, टिपांसकट. प्रत्यक्षात जसं जोडलंय तशी सुधारलेली ड्रॉइंग. वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्स. सगळ्या उपकरणांचे पत्ते आणि रेंज यांची एक यादी. एवढं मागायची वेळ खरेदीच्या ऑर्डरवर सही होण्याआधीची असते. शेवटचं बिल निघाल्यावर इंटिग्रेटरचा फोन लागतोच असं नाही.